ओव्हनचा वाटा थोडाच

वर्ध्यात घरी ओव्हन असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण त्याचं पुढे काय होतं, यावर बहुतेक घरांचं एकमत दिसतं: आधी केक, मग नानकटाई, मग त्याच्यावर क्रोशाचं कव्हर. माझाही ओटीजी त्याच वाटेने निघाला होता. पण पोरगी शिकायला पुण्याला गेली, हॉस्टेलच्या मेसवर तिचं भागेना, आणि टिकेल, प्रवासात चुरडणार नाही, अवेळी लागलेल्या भुकेला आधार देईल असं काहीतरी हवं झालं. म्हणून मी सुक्या मेव्याचे बार करू लागले. दाणे, तीळ, खजूर, गूळ यांचे; दाताखाली जरा ताणले जाणारे.

माझं प्रमाण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गप्पा मारायला मोकळी. ओट्स २०० ग्रॅम. दाणे, तीळ, जवस मिळून १५० ग्रॅम. खजूर, मनुका, संत्र्याची पाकवलेली साल मिळून १५० ग्रॅम. गूळ १२०, मध ४०, तूप ६० ग्रॅम. आठ इंची चौकोनी टिन, १६० अंश सेल्सियस, वीस-बावीस मिनिटं. एवढं वाचून कोणालाही वाटेल की सगळा खेळ शेवटच्या ओळीत आहे. मलाही वाटायचं. आता वाटतं की या पदार्थात ओव्हनचा वाटा सगळ्यात थोडा. खरं काम त्याच्या आधी होतं नाहीतर नंतर, आणि बरंचसं तर आपण हात न लावता होतं.

१. आमच्या गावाच्या दातांना खुसखुशीत कळतं. वर्ध्याहून कोणी पाहुणा परत निघाला की त्याच्या पिशवीत गोरस भांडारचा गोरसपाक जातोच. गाईच्या तुपा-दुधातला, तोंडात टाकला की दातांना फारसं काम न देता विरघळणारा. भाजलेल्या गोडाची परीक्षा ज्या गावाने अशी ठरवून ठेवलीय, तिथे मी ताणून तोडावा लागणारा बार पुढे केला. सासूबाईंनी एक घास घेतला, चावला, पुन्हा चावला, आणि फार मायेने विचारलं, "कच्चंच राह्यलं का व हे?" मी चव म्हणजे जिभेची गोष्ट समजत होते. ती दातांच्या सवयीचीही असते आणि ही सवय जिभेपेक्षा हट्टी असते. गंमत म्हणजे हा बार सगळ्यात आधी आवडला तो शेजारच्या आजोबांना, ज्यांचे दात मोजकेच उरलेत. चावायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. तुकडा गालात ठेवला, अख्खा पेपर वाचून काढला, आणि म्हणाले, "एकच पुरते बाप्पा." माझ्या बारची याहून चांगली जाहिरात अजून कोणी केलेली नाही.

२. बार झालेला दिसतो तेव्हा तो होऊन गेलेला असतो. कडा तांबूस, मध्यभाग अजून फिका, बोट टेकवलं तर खाली दबणारा: या अवस्थेत तो बाहेर काढायचा असतो. कारण सोपं आहे. तापलेला गूळ पातळ असतो, निवता निवता तो घट्ट होतो. गरम असतानाच जो बार बोटाला घट्ट लागतो, तो निवल्यावर पाट्यावर फोडावा लागतो. शिवाय टिन बाहेर काढलं तरी तापलेलंच असतं, आतलं पाणी आणखी थोडा वेळ उडतच राहतं. हे सगळं मला समजतं, पटतं, चारचौघांत मी ते ऐटीत सांगतेही. तरी दर वेळी ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसले की हात म्हणतो, आणखी दोन मिनिटं. हा हात कुठून आला याचा मी विचार केला. आपल्या स्वयंपाकघरात जास्त भाजल्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. करपलेली भाकरी "खमंग झाली" म्हणून खपून जाते. पण भातात एक कण कच्चा निघाला तर ती गोष्ट लग्नानंतर वीस वर्षं सांगितली जाते. कच्चेपणाची ही धास्ती बायकांच्या मनगटात जाऊन बसलेली असते. बार करायचा म्हणजे तिला विचारायचं नाही, एवढंच.

३. निवणं ही कृतीतली पायरी आहे. छापील कृतीत "थंड झाल्यावर तुकडे करा" असं शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, जणू तो शिष्टाचार आहे. प्रत्यक्षात तिथे निम्मा पदार्थ घडतो. मिश्रण टिनमध्ये पसरलं की वाटीच्या बुडाला तूप लावून ते दाबायचं; चांगलं, वजन टाकून, कोपऱ्यांत तर जास्तच. बार ताणला जाईल की भुगा होईल, याचा निकाल बराचसा इथेच लागतो. मग भाजायचं, आणि मग टिनमधून न काढता पूर्ण निवू द्यायचं. कोमट असताना सुरीने फक्त रेघा मारून ठेवायच्या आणि गार झाल्यावर त्याच रेघांवर कापायचं. तरीही पहिल्या दिवशी तो जरा बेसूर लागतो: ओट्स कोरडे, खजूर ओला, दाणा आपला वेगळाच. रात्रभर डब्यात बंद राहिला की खजुरातला ओलावा ओट्समध्ये उतरतो आणि सकाळी सगळ्यांची चव एक झालेली असते. यात माझं कर्तृत्व काय, तर झाकण न उघडणं. पण घरात माणसं असताना डब्याचं झाकण रात्रभर बंद ठेवणं हे कर्तृत्वच आहे.

४. गूळ म्हणजे एक पदार्थ नव्हे. एकाच दुकानातून आणलेल्या दोन ढेपी दोन स्वभावांच्या निघतात. एक कोरडी, रवाळ. दुसरी मऊ, बोटाला चिकटणारी. गुळात साध्या साखरेबरोबर थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. ज्या ढेपीत ते जास्त, ती पावसाळ्यात पाझरते. बारला मात्र अशीच ढेप मानवते, कारण ओलावा धरून ठेवणारा गूळ म्हणजे दाताखाली ताणला जाणारा बार. पिवळाधमक गूळ दिसायला छान, पण बहुतेकदा तो रंग रसायनाने उजळलेला असतो. मी काळपट घेते. मधाचं कामही थोडंफार हेच: तो घातला की पाकात साखरेचे कण धरत नाहीत. पाक किती घ्यायचा हे पाहायला मी हौसेने थर्मामीटर आणला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे वाटीभर पाण्यात थेंब टाकला आणि बोटाने गोळा केला. मऊ गोळी जमली तेव्हा थर्मामीटरवर ११४ दिसत होते. पुस्तकात या अवस्थेसाठी ११२ ते ११६ अंश दिलेत. आता तुम्हाला वाटेल की इथे थर्मामीटर हरला आणि म्हातारीचं बोट जिंकलं. तसं काही झालं नाही. सासूबाईंना तो आकडा भयंकर आवडला. आता त्या पाण्याची वाटी मागत नाहीत, बैठकीतल्या खुर्चीवरून विचारतात, "किती झाला?" आणि चिक्कीचा पाक मोडला की टचकन तुटायला दीडशेच्या आसपास जावं लागतं, हे कळल्यापासून दर संक्रांतीला त्या थर्मामीटर माझ्याकडून काढून घेतात.

५. मे महिन्यात वर्धा कोरडं असतं आणि माझं घर दमट. हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, दोरीवरचा टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा कडक, आणि डब्यातले बार मात्र चिकट. जिल्ह्याच्या हवेला दोष देऊन झाला, गुळाला देऊन झाला. मग एकदा दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना उजेड पडला. खिडकीतला कूलर दिवसभर बादल्या-बादल्या पाणी पितो. ते जातं कुठे? आमच्या अंगावर, पुस्तकांवर, मिठाच्या बरणीत आणि गुळाच्या प्रत्येक पदार्थात. कृती लिहिणारे "कोरड्या हवेत ठेवा" म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर विदर्भातला कूलर नसतो. आता उन्हाळ्यात मी बार कूलरपासून लांबच्या खोलीत, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवते, प्रत्येक थरात बटर पेपर घालून. याच दिवसांत आणखी एक गोष्ट होते. संध्याकाळी सगळ्या वस्तीचे कूलर सुरू झाले की विजेचा दाब उतरतो. २३० व्होल्टच्या जागी २०० आले तर ओव्हनच्या कॉइलची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने घटते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे जानेवारीतली बावीस मिनिटं आणि मे महिन्याच्या संध्याकाळची बावीस मिनिटं एक नव्हेत. म्हणून मी उन्हाळ्यात पहाटे भाजते. शेजाऱ्यांना वाटतं, बाई फार उद्योगी आहे.

६. ओलं फळ आणि भाजलेला दाणा एका घरात सुखाने नांदत नाहीत. दोघांची ओळख करून देण्यातच बारचं अर्धं शहाणपण आहे. मनुका नुसत्या घातल्या तर भट्टीत त्या फुगतात आणि मग आवळून खड्यासारख्या होतात. म्हणून त्या आधी भिजवायच्या. मी संत्र्याच्या रसात भिजवते. पण भिजलेल्या मनुका तशाच मिश्रणात गेल्या की त्यांचं पाणी दाणे पितात आणि खमंगपणा दोन दिवसांत ओसरतो. म्हणून मनुका निथळून, फडक्यावर कोरड्या करून घ्यायच्या. दाणे वेगळे, मंद आचेवर, आतपर्यंत भाजायचे, सालं पाखडून जाडसर ठेचायचे आणि गरम असतानाच त्यांच्यावर चमचाभर तूप फिरवायचं. तुपाचा हा पातळ थर ओलाव्याला काही काळ थोपवून धरतो. तीळ वेगळे, जवस वेगळे. प्रत्येकाची आच निराळी. एकदा सगळं एकाच कढईत भाजून वेळ वाचवावा असं प्रत्येकाला वाटतं. पण तीळ तडतडून काळे पडतात तेव्हा दाणे अजून डोळे चोळत असतात. ज्वारीच्या लाह्या घालून पाहण्याचा मोहही आपल्याकडे होतोच. त्या बारमध्ये लवकर मऊ पडतात, वातड होतात. मी लाह्यांवर प्रेम करते आणि त्यांना बारपासून लांब ठेवते.

७. संत्र्यातली सगळ्यात सुगंधी गोष्ट आपण फेकतो. जिल्ह्याच्या उत्तर भागात, कारंजा-आष्टी-आर्वीकडे संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. दोन्ही हंगामांत आमच्याकडे फळ खाल्लं जातं आणि साल जाते कचऱ्यात. फार झालं तर वाळवून उटण्यात. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ, त्यामुळे पाकवायला सोयीची. आतला पांढरा भाग चमच्याने खरवडायचा, सालीच्या बारीक पट्ट्या करायच्या, आणि दर वेळी पाणी बदलत तीनदा उकळायच्या. कडवटपणा त्या पाण्याबरोबर जातो. पूर्ण घालवू मात्र नये. थोडा राहिला तरच गुळाच्या गोडीला उत्तर मिळतं. मग साखरेच्या पाकात साल पारदर्शक होईपर्यंत शिजवायची आणि चाळणीवर निथळत ठेवायची. ही साल आणि काळा गूळ एकत्र आले की जो वास सुटतो, त्याने आमच्या मजल्यावरची दारं उघडतात. मला विचारात पाडलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी बारसाठी दूरदेशाहून आलेली वाळकी क्रॅनबेरी पैसे मोजून आणत होते, आणि तेच आंबट-कडू काम करणारी साल रोज सकाळी घंटागाडीत टाकत होते. यात देशाभिमान वगैरे काही नाही. क्रॅनबेरी मला अजूनही आवडते. पण साल फुकट असते, आणि फुकटची वस्तू चविष्ट निघाली की ती चव दुणावते, हे मान्य करायला काय हरकत आहे?

८. जवस माझ्या समजुतीपेक्षा बराच हुशार निघाला. विदर्भात जवस म्हणजे चटणी. लाल तिखट, लसूण, जवस, वर कच्चं तेल, सोबत भाकरी. मीही तो बारमध्ये चवीसाठीच घातला. मग लक्षात आलं की जवसाची पूड पाण्यात कालवून ठेवली की थोड्या वेळात ती बुळबुळीत, तार धरणारी होते. हा त्याच्या सालीतला चिकट अंश. अंड्याशिवाय भाजणारे लोक एका अंड्याच्या जागी चमचाभर पूड आणि तीन चमचे पाणी वापरतात, ते याच्याच जोरावर. आमच्याकडे ओव्हनला अंडं चालत नाही (माणसांना बाहेर चालतं, तो वेगळा विषय), त्यामुळे हा शोध मला फार मोठा वाटला. बार आता कापताना सुटत नाहीत आणि गूळही कमी लागतो, कारण चिकटवण्याचं ओझं एकट्या गुळावर राहत नाही. जवसाला एकच खोड आहे. त्याचं तेल फार लवकर बिघडतं. अख्खा असताना तो महिनोन् महिने नीट राहतो. दळला की काही दिवसांत खवट वास धरतो. म्हणून पूड लागेल तेवढीच, त्याच वेळी करायची. खोबरं आणि चारोळीचंही असंच. दुकानात चारोळी घेताना दोन दाणे चावून बघायला मी आता लाजत नाही. दुकानदार तोंड वाकडं करतो, पण त्याच्या चारोळीपेक्षा कमीच.

९. जवळ पिकतं ते सगळं जमतंच असं नाही. संत्रं आणि जवस जमल्यावर माझ्या अंगात जरा वारं शिरलं. आता मोहाची फुलं. बोरच्या जंगलाकडे, आर्वी-कारंजाच्या रानपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचतात. वाळलेलं फूल दिसायला मनुकेसारखं आणि गोडीलाही कमी नाही. त्याच्या वजनाचा मोठा भाग साखरच असतो. निवडायला मात्र चिकाटी लागते: एकेक फूल धुवायचं, आतले केसर काढायचे, नाहीतर तोंडात खरखर येते. रानाच्या आसऱ्याने राहणाऱ्यांच्या घरी तीळ-मोहाचे लाडू पूर्वीपासून होतात, आणि ते उत्तम लागतात. बारमध्ये मात्र मोह कोणाचं चालू देत नाही. त्याचा उग्र, आंबूस-गोड वास भट्टीत आणखी चढतो, आणि वेलची, संत्रं, तूप सगळे गप्प बसतात. वर घरी येणारा प्रत्येक पुरुष डबा हुंगून एकच विनोद करतो, तो मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळलाच असेल. मी मोह घालणं सोडलं नाही, मूठभरावर आणलं, तेही तुपात परतून. पण आपल्या मातीतलं म्हणून ते प्रत्येक ताटात शोभलंच पाहिजे, हा आग्रह त्या निमित्ताने सुटला. तीळ-मोहाच्या लाडवाला माझ्या बारची काही गरज नव्हती. गरज मला होती, काहीतरी नवीन सांगायला.

१०. 'पौष्टिक' ही चिठ्ठी मी डब्यावरून काढली. वर्ध्यात राहून गुळाला पुण्यवान न मानणं कठीण आहे. १९३४ च्या डिसेंबरात इथेच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला, आणि जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम चाललं. गूळ, घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन हे सगळे तिथले विषय. सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजी मगनवाडीतच राहत होते आणि सोयाबीनपासून कडुनिंबाच्या पाल्यापर्यंत आहाराचे प्रयोग करत होते. ३० डिसेंबर १९३८ ला त्यांनीच उघडलेलं मगन संग्रहालय आजही तिथे आहे. त्या आवारातून फिरून आलं की साखरेऐवजी गूळ घातला एवढ्यावर आपण अर्धे आश्रमवासी झालो, असं वाटू लागतं. मीही डब्यावर 'पौष्टिक बार' अशी चिठ्ठी लावली होती, सुंदर अक्षरात.

मग एकदा कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. गूळ आणि मध मिळून १६० ग्रॅम, बार सोळा: म्हणजे प्रत्येकी १० ग्रॅम घातलेली गोडी, खजूर-मनुकांची वेगळीच. एका बारमध्ये साधारण २०० कॅलरी, म्हणजे ज्वारीच्या एका भाकरीच्या आसपास. फरक इतकाच की भाकरीनंतर आपण "आणखी एक" असं चोरून म्हणत नाही. गुळात खनिजं असतात, पण आहे ती साखरच. आणि ज्यांच्या नावाने आपण गुळाचं कौतुक करतो, त्यांनी स्वतःला अशी सवलत दिलेली नाही. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी कच्चे शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल यांवर राहत होते. म्हणजे पाहिलं तर माझ्या बारचंच सामान, न भाजलेलं. त्या प्रयोगाबद्दल त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहिलंय की जिभेचे लाड फळांनीही धान्याइतकेच होतात, आणि सवय झाली की अधिकच. हे वाचून मी चिठ्ठी काढली. आता डब्यावर नुसती तारीख असते. बार त्यामुळे कमी खाल्ले जात नाहीत, पण खाणाऱ्याला आपण गोड खातोय हे माहीत असतं, आणि माहीत असलं की तो एकावर थांबण्याची शक्यता थोडी वाढते. थोडीच.

११. प्रवासात बारचं खरं रूप कळतं. पुण्याला कोणी निघालं की मी डबा देते. रात्रभराची गाडी, उन्हाळ्याचे दिवस, डबा सीटखाली. घरी नीट कापलेले सोळा तुकडे हॉस्टेलला पोचेपर्यंत चार गठ्ठे झालेले असतात, असं सुरुवातीला व्हायचं. तूप साधारण शरीराच्या तापमानालाच वितळतं, आणि मे महिन्यातला रेल्वेचा डबा त्याहून तापलेला असतो. म्हणून उन्हाळी बारमध्ये मी तूप जरा कमी आणि ओट्स जरा जास्त घेते. प्रत्येक बार बटर पेपरात वेगळा गुंडाळते, दोन्ही टोकं पिळून. हिवाळ्यात उलटं: थंडीत गूळ इतका घट्ट होतो की मधाचा हात सैल सोडावा लागतो. म्हणजे खरं तर माझ्याकडे एक कृती नाही, तीन आहेत, आणि तिसरी, पावसाळ्याची, अजून जमतेच आहे. पोरीला मात्र या संशोधनाचं काही नाही. तिला कडेचे तुकडे हवे असतात, जास्त भाजलेले, जे मी डब्यात न भरता घरीच संपवत होते. तिच्या मैत्रिणींनाही तेच आवडतात म्हणे. मधले, मऊ, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते त्या नाइलाजाने खातात.

१२. कृती दिली की ती आपली राहत नाही, आणि हे बरंच आहे. कोणी विचारलं तर मी वजनं सांगते, मिनिटं सांगताना चाचरते. तुमचा ओव्हन, तुमच्या वस्तीतली वीज, तुमचा गूळ, तुमच्या घरातले दात: यांचं उत्तर माझ्याकडे कुठून असणार? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कृती नेली तेव्हा मी त्यांना वजनांसोबत पुष्कळ तत्त्वज्ञानही दिलं. वेळेआधी काढा, कच्चेपणाला भिऊ नका, रात्रभर झाकण उघडू नका. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. आठवड्याने ताटलीवर झाकण घालून आल्या. मनुकांच्या जागी त्यांनी वाळवलेली केळी घातली होती, मधाला फाटा दिला होता, आणि ओव्हन नाही म्हणून जाड बुडाच्या कढईत मिठावर टिन ठेवून भाजलं होतं. मी एक तुकडा तोडला. तो तुटायच्या आधी नीट, सावकाश ताणला गेला. मला हवा होता तेवढा. मी काही बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "तुमचे पण चांगले असतात वो. फक्त तुम्ही जराक जास्त भाजता."